रस्त्याच्या १०० रुपयांतले १० रुपये चालणाऱ्यांसाठी बाजूला काढा: कोल्हापूर महापालिकेला खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त साहेब, कोल्हापूर महानगरपालिका
आणि सभागृहात निवडून गेलेले सगळे नगरसेवक, नगरसेविका

नमस्कार.

आधी मागणी सांगते, मग बाकीचं. महापालिका रस्त्यांवर जो काही पैसा खर्च करते, मग तो स्वतःचा असो नाहीतर राज्याकडनं आलेला, त्यातल्या प्रत्येक १०० रुपयांतले १० रुपये पायी चालणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी बाजूला काढा, त्याला बजेटमध्ये स्वतःचं वेगळं लेखाशीर्ष द्या, आणि ते पैसे वर्षाच्या शेवटी दुसऱ्या कामाला वळवता येणार नाहीत असा ठराव करा. एवढंच मागणं आहे.

मी मंगळवार पेठेत राहते, लक्ष्मीपुरीत एका दुकानात हिशेब लिहायचं काम करते. मिरजकर तिकटी, बिंदू चौक आणि मग खाली लक्ष्मीपुरी, असं रोजचं चालणं आहे. हिशेबाच्या कामात एक गोष्ट पक्की कळते की ज्या खर्चाला वहीत स्वतःचं पान नसतं त्याला पैसा कधीच शिल्लक राहत नाही. फूटपाथचं नेमकं हेच होतं. रस्त्याचं एस्टिमेट निघतं त्यात डांबरीकरण असतं, काँक्रीट असतं, गटर असतं, आणि फूटपाथ, झेब्रा, रॅम्प, दुभाजकातली मोकळी जागा हे सगळं त्याच एस्टिमेटच्या शेपटाला असतं. मग कुठंतरी खोदाईत जुनी पाईपलाईन सापडते, दर वाढतात, मुदत संपत येते आणि कात्री लावायची वेळ आली की ती शेपटालाच लागते, कारण रस्ता तर झालेला दिसतोय, गाड्या चालल्यात, उद्घाटनाचा नारळ फुटलाय, आता फूटपाथ राहिला म्हणून बिल कोण अडवणार. यात कुणा एका अधिकाऱ्याचा किंवा एका पक्षाचा दोष आहे असं माझं म्हणणं नाही, वहीची मांडणीच तशी आहे, म्हणून वहीची मांडणी बदला असं म्हणतेय.

नोव्हेंबर २०२० मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि पाच वर्षं शहर प्रशासकांच्या हातात होतं. त्या काळात आमच्यासारख्यांनी कुणाच्या दारात जायचं हाच प्रश्न असायचा. आता ८१ जण निवडून गेलाय, प्रचारात तुम्ही सगळे गल्लीगल्लीतनं पायीच फिरलाय, त्यामुळं फूटपाथची काय अवस्था आहे ते तुम्हाला ताजं ताजं माहीत आहे. म्हणूनच आत्ता लिहितेय.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल सांगतो की त्या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे जवळपास पाचातला एक. ही माणसं गाडीत नव्हती, गाडीवर नव्हती, हेल्मेट घातलं का, सीटबेल्ट लावला का असले प्रश्न त्यांना विचारताच येत नाहीत. कुणी भाजी आणायला निघालेलं, कुणी बस पकडायला, कुणी पोराला शाळेतनं आणायला. आणि प्रत्येक जण, अगदी चारचाकीवाला सुद्धा, गाडी लावली की उरलेली वाट चालतोच, त्यामुळं हा गरिबांचा का श्रीमंतांचा असा विषयच नाही. तरी खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त चालतात ते वयस्कर लोक, शाळेतली पोरं, धुणीभांडी करणाऱ्या बायका, केएमटीनं म्हणजे शहर बसनं आणि वडापनं येणारे-जाणारे. यांच्यातलं कुणी निवेदन घेऊन महापालिकेत येत नाही, कामावर खाडा पडतो.

आता शहरातल्या जागा बघा. मध्यवर्ती बसस्थानक, दाभोळकर कॉर्नर, व्हीनस कॉर्नर हा पट्टा घ्या. एसटी स्टँड तिथं, रेल्वे स्टेशन तिथं, लॉज, खानावळी, रिक्षा स्टॉप सगळं तिथं. गारगोटी, राधानगरी, चंदगडकडनं आलेला माणूस हातात पिशव्या, कडेवर पोरगं घेऊन स्टँडबाहेर पडतो आणि समोर वाहत्या गाड्यांची भिंत. तो हात वर करतो, दोन पावलं पुढं टाकतो, एक मागं घेतो, असं करत करत पलीकडं जातो. पुढं दसरा चौक ते सीपीआर, म्हणजे आपलं मोठं सरकारी हॉस्पिटल. सीपीआरला नुसत्या आपल्या जिल्ह्यातनं नाही तर कोकणातनं, सीमाभागातनं सुद्धा पेशंट येतात आणि नातेवाईकांची औषधासाठी, जेवणाच्या डब्यासाठी दिवसातनं कितीतरी वेळा रस्ता ओलांडायची धावपळ असते. ज्यांचं माणूस आत अॅडमिट आहे त्यांचं डोकं ठिकाणावर नसतं हो, त्यांनी डावी-उजवीकडं नीट बघूनच रस्ता ओलांडावा अशी अपेक्षा करण्यापेक्षा तिथली गाडीच हळू झाली पाहिजे.

राजारामपुरीत मेन रोडला फूटपाथ आहे पण त्यावर दुकानाच्या पायऱ्या, पाट्या, उभ्या केलेल्या टू-व्हीलर, मधीच वीजेचा डीपी, आणि माणूस शेवटी पार्किंगच्या आणि चालत्या गाड्यांच्या मधल्या पट्टीतनं चालतो, जी सगळ्यात धोक्याची जागा. परीख पुलाखाली तर पावसाळ्यात पाणी साचलं की चालणाऱ्यांना जायला वाटच उरत नाही. रंकाळ्याचं मला नेहमी वाटतं की तळ्याच्या काठानं चालायला एवढी छान जागा आपल्याकडं आहे, सकाळ-संध्याकाळ हजारो लोक येतात, पण त्या जागेपर्यंत चालत पोचायचं म्हटलं की मधे मोठा रस्ता आडवा येतो आणि कितीतरी म्हातारी माणसं पोराला म्हणतात, मला गाडीवरनं रंकाळ्यावर सोड. चालायला जाण्यासाठी गाडी काढावी लागते हे काही बरोबर नाही.

रस्ता ओलांडण्याचं गणित सांगते, साधंच आहे. रस्ते आखणारे इंजिनियर चालणाऱ्या माणसाचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. चौपदरी रस्ता १४-१५ मीटर रुंद असेल तर धडधाकट माणसाला १२-१३ सेकंद लागतात. माझी आई सत्तरी पार केलेली, तिचे गुडघे दुखतात, तिचा वेग फार तर ०.८ मीटर, म्हणजे तिला त्याच रस्त्याला १८-१९ सेकंद. आणि ताशी ५० च्या वेगातली गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर येते. म्हणजे आई रस्त्यात उतरते तेव्हा जी गाडी तिला धडक देऊ शकते ती अजून पाव किलोमीटर लांब असते, तिला ती दिसतच नसते. ती काय अंदाज घेणार? पण तेच दुभाजकात दीड-दोन मीटर रुंदीची थांबायला सुरक्षित जागा केली तर रस्ता दोन तुकड्यांत ओलांडता येतो, एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या बघायच्या, नऊ-दहा सेकंदांचं काम. क्रॉसिंगची पातळी फूटपाथएवढी उचलून घेतली की गाडीला आपोआप हळू व्हावं लागतं आणि व्हीलचेअर किंवा बाबागाडी खालीवर न करता पलीकडं जाते. यात कुठलंही परदेशी तंत्रज्ञान नाही, आपल्याकडचा कुठलाही गवंडी आणि कुठलाही कॉन्ट्रॅक्टर हे करू शकतो.

ताशी ३० च्या वेगात तीच गाडी सेकंदाला आठ-साडेआठ मीटर येते, ब्रेक लागायला अंतर मिळतं, आणि लागलंच तर माणूस वाचायची शक्यता कितीतरी जास्त असते. जून २०२४ मध्ये सायबर चौकात भरधाव कारनं दुचाकीवरच्या लोकांना उडवलं तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितला, जीव गेले. ते गाडीवर होते, चालत नव्हते, पण मुद्दा वेगाचाच आहे. चौकाची आखणीच अशी पाहिजे की तिथनं सुसाट जाताच येऊ नये. नुसता पोलीस उभा करून किंवा बोर्ड लावून ते होत नाही.

कोल्हापूरला रस्त्याच्या पैशाचं कुणी काही शिकवायला नको. एकात्मिक रस्ते विकास प्रकल्पात शहरातले साधारण ५० किलोमीटर रस्ते बीओटीवर, म्हणजे कंपनीनं रस्ता बांधायचा आणि टोलमधनं पैसे वसूल करायचे अशा कराराने झाले आणि टोल बसला तेव्हा अख्खं शहर रस्त्यावर उतरलं होतं. एन. डी. पाटील सरांसारखी वयोवृद्ध माणसं मोर्चाच्या पुढं चालत होती, पेठांतल्या बायका, तालमीतली पोरं, व्यापारी, रिक्षावाले सगळे एकत्र, आणि २०१५ च्या डिसेंबरमध्ये टोल रद्द करून घेतला. त्यावेळी कामांचा दर्जा आणि अपुरी राहिलेली कामं यावर किती बोललं गेलं ते आठवून बघा. लोकांनी तेव्हा विचारलं होतं की आमच्या पैशात आम्हाला काय मिळालं. मला तोच प्रश्न आज चालणाऱ्याच्या बाजूनं विचारायचाय, कारण घरफाळा तर चालणारा पण भरतो, गाडी नसलेल्याला घरफाळ्यात सूट नाही.

पैसा कुठनं आणायचा म्हणाल. राज्याच्या नगरोत्थान योजनेतनं रस्त्यांसाठी १०० कोटी आले, शहरभर त्यावर चर्चा झाली. माझ्या हिशेबानं त्यातले १० कोटी चालणाऱ्यांचे झाले असते. आता १० कोटीत शहरातले सगळे फूटपाथ होत नाहीत हे मलाही कळतं, पण रंग, बोलार्ड (गाड्या अडवायचे आखूड खांब), उंच क्रॉसिंग, दुभाजकातली थांबायची जागा, क्रॉसिंगवर चांगला दिवा, रॅम्प ही कामं रस्ता काँक्रीट करण्याच्या मानानं कितीतरी स्वस्त असतात. स्टँडपासून सीपीआरपर्यंतचा पट्टा नीट करायला तेवढेही लागणार नाहीत.

दुसरं, केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ ला सुरू झाला त्यात हवा बिघडलेल्या शहरांच्या यादीत कोल्हापूरचं नाव आहे. अशा शहरांत हवेतल्या कणांचं एक मोठं कारण रस्त्याच्या कडेची धूळ असतं, डांबराची कड संपली की मातीची पट्टी, गाडी गेली की धुरळा. फूटपाथ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पक्का केला की धूळही कमी आणि चालायलाही जागा, आणि हे काम त्या कार्यक्रमात बसतं. एकाच पैशात दोन कामं होत असतील तर तो प्रस्ताव सगळ्यात आधी गेला पाहिजे.

तिसरं म्हणजे अंबाबाई मंदिराचा विकास आराखडा. मे २०२५ मध्ये चौंडीला झालेल्या मंत्रिमंडळ बैठकीत राज्य सरकारनं त्याला सुमारे १,४४५ कोटींची मंजुरी दिली. भूसंपादन, पुनर्वसन हे विषय नाजूक आहेत, मंदिराभोवतीच्या लोकांच्या मनात काळजी आहे, त्यावर या पत्रात बोलत नाही. पण देवीला येणारा भक्त शेवटचं अंतर चालतच येतो. नवरात्रात तर अनवाणी येतात लोक, बाया-बापड्या, लहान पोरं. मग या आराखड्यात बिंदू चौक, भवानी मंडप, मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार रोड, ताराबाई रोड, पापाची तिकटी या सगळ्या वाटा सलग, सपाट, उजेडाच्या, गाड्यांपासून मोकळ्या अशा चालायच्या वाटा म्हणून आखल्या गेल्या पाहिजेत, आणि महापालिकेनं हे आत्ताच लेखी मागून घ्यावं, नंतर मागून काही मिळत नाही. शिवाय जिल्हा नियोजन समिती आहे, आमदार-खासदारांचा फंड आहे, जो नेहमी हायमास्ट, कमानी आणि सभागृहं यात जातो. त्यातनं एकेका शाळेसमोरचं एकेक क्रॉसिंग सहज होईल.

लगेच कुणीतरी म्हणेल की पेठांत रस्तेच अरुंद, फूटपाथला जागा कुठाय. बरोबर आहे. शिवाजी पेठेतल्या किंवा आमच्या मंगळवार पेठेतल्या बोळात १.८ मीटरचा फूटपाथ बसणार नाही, इंडियन रोड काँग्रेसच्या नियमात मोकळ्या फूटपाथची किमान रुंदी तेवढी सांगितलीय. तिथं फूटपाथ नकोच, तिथं गाडीनंच चालणाऱ्याच्या वेगानं जायचं असा रस्ता करा. थोड्या थोड्या अंतरावर रस्ता हलकासा उचला, कोपरे अरुंद करा म्हणजे वळताना गाडी हळू होईल, एकाच बाजूला पार्किंग. जिथं जागा आहे तिथं मात्र १.८ मीटर मोकळे पाहिजेत, बाजारपेठेत त्याहून जास्त, आणि मोकळे म्हणजे डीपी, झाड, चेंबर, पोल सोडून उरलेले मोकळे. फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको हेही त्याच नियमात आहे. आपल्याकडं काही ठिकाणी फूटपाथ गुडघ्याएवढा उंच करून ठेवलाय, म्हातारं माणूस त्यावर चढतच नाही, रस्त्यावरनं चालतं, आणि मग आपण म्हणतो लोकांना शिस्त नाही.

दुसरी अडचण फेरीवाल्यांची सांगतात. मला हे आवडत नाही, फूटपाथचा विषय निघाला की पहिला घाव भाजीवाल्या मावशीवर. ती मावशी आहे म्हणून संध्याकाळी त्या रस्त्यावर बायका निर्धास्त चालतात, उजेड असतो, माणसं असतात. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यात शहर फेरीवाला समिती आहे, जागा ठरवून देण्याची सोय आहे. फूटपाथ आखतानाच तिची जागा पट्टा मारून द्या आणि चालायची पट्टी वेगळी ठेवा. सगळ्यात जास्त जागा तशीही उभ्या गाड्यांनी खाल्लीय, त्यांच्यावर कुणी गाडा उचलायची कारवाई करत नाही.

व्यापारी बंधूंना भीती वाटते की पार्किंग कमी झालं तर गिऱ्हाईक जाईल. मी स्वतः दुकानात बसते, मला ती भीती कळते. पण दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात महाद्वार रोडला बघा, गाडी शिरूच शकत नाही आणि धंदा सगळ्यात जास्त त्याच दिवसांत होतो. गाडीतनं जाणारा माणूस दुकानाकडं बघत नाही, चालणारा बघतो, थांबतो, आत येतो. पुण्यानं २०१६ मध्ये पादचारी धोरण केलं, जंगली महाराज रस्त्याचा फूटपाथ रुंद केला, तिथली दुकानं काही बंद पडली नाहीत. चेन्नई महापालिकेनं तर २०१४ मध्येच धोरण करून ठरवलं की वाहतुकीच्या बजेटमधला किमान ६० टक्के पैसा चालणं आणि सायकल यासाठी. आम्ही १० टक्केच मागतोय.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायचीय, ती म्हणजे देखभाल. नवीन फूटपाथ करायला सगळे तयार असतात, त्याचा फोटो निघतो. पण सहा महिन्यांनी केबल टाकायला कुणीतरी खोदतं, पेव्हिंग ब्लॉक काढून बाजूला रचून ठेवतं आणि ते तसेच राहतात, एक चेंबरचं झाकण आत बसतं, झेब्राचे पट्टे पहिल्या पावसात फिके होतात. म्हणून त्या १० रुपयांतले किमान ३ रुपये दुरुस्तीसाठी ठेवा, आणि खोदाईची परवानगी देताना फूटपाथ होता तसा करून दिल्याशिवाय डिपॉझिट परत नाही असं सक्तीनं करा. झेब्रा साध्या रंगानं न मारता थर्मोप्लास्टिकनं, म्हणजे गरम करून लावायच्या जाड थरानं मारा, सुरुवातीला जास्त पैसे जातात पण टिकतो, आणि रात्री पावसात गाडीवाल्याला दिसतो. आपल्याकडं चार महिने धो धो पाऊस, संध्याकाळी सहाला अंधारून येतं, छत्री वाऱ्यानं उलटी होत असते, त्यावेळी क्रॉसिंगवर दिवा असणं आणि नसणं यात फार फरक पडतो.

कायदाही आता चालणाऱ्याच्या बाजूनं आहे. १४ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की चांगला, अडथळा नसलेला फूटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि दिव्यांगांना वापरता येईल असाच तो पाहिजे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोठ्या ५० शहरांत फूटपाथ आणि क्रॉसिंगचं ऑडिट करायला सांगितलं. आपण ऑडिट करायला कुठल्या यादीची वाट बघायची गरज नाही, शहरात एवढी इंजिनियरिंग आणि आर्किटेक्चरची कॉलेजं आहेत, पोरं आनंदानं करतील. आणि ऑक्टोबर २०२५ मध्येच मुंबई हायकोर्टानं खड्ड्यांमुळं किंवा उघड्या मॅनहोलमुळं कुणाचा जीव गेला तर घरच्यांना ६ लाखांची भरपाई द्यायला सांगितलीय, आणि ती रस्त्याची जबाबदारी असलेल्या संस्थेनं द्यायची. म्हणजे आधी खर्च केला नाही तरी पैसा नंतर जाणारच आहे, फक्त तेव्हा तो एखाद्याच्या घरात माणूस गेल्यावर जाईल.

काही रस्ते पीडब्ल्यूडीचे आहेत, काही हायवेचे, हे मला माहितीय. चालणाऱ्याला हद्द दिसत नाही. अशा रस्त्यांसाठी महापालिकेनं पुढाकार घेऊन त्या खात्यांना प्रस्ताव पाठवावा आणि त्याची प्रत लोकांना बघायला ठेवावी, म्हणजे काम कुठं अडलंय ते कळेल आणि आम्ही तिथं जाऊन विचारू.

येत्या अंदाजपत्रकात ‘पादचारी सुरक्षा व फूटपाथ’ असं लेखाशीर्ष आणि पहिल्या वर्षी स्टँड ते सीपीआर हा एकच सलग पट्टा, एवढं मंजूर करा. कुठल्या चौकात किती खर्च झाला ते दर तीन महिन्यांनी प्रत्येक वॉर्ड ऑफिसच्या बोर्डावर लावा. स्थायी समितीत हा विषय ज्या दिवशी घ्याल त्याची तारीख आधी जाहीर करा. चालणारे, दिव्यांग संघटना, शाळांचे पालक, फेरीवाले आणि दुकानदार यांना त्या दिवशी बोलायला प्रत्येकी पाच मिनिटं द्या. मी त्या दिवशी सुट्टी टाकून येणार आहे, आईलाही घेऊन येईन, तिला वरच्या मजल्यावर चढायला वेळ लागेल तेवढा धरून ठेवा.

आपली,
मंगळवार पेठेतली एक रहिवासी
कोल्हापूर